क्लॅमथ नदी: चार धरणे, संपलेला परवाना आणि परतलेले सॅल्मन

अमेरिकेत खासगी कंपनीला नदीवर वीजनिर्मितीचे धरण चालवायचे तर केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि तो कायमचा नसतो. साधारण ३० ते ५० वर्षांनी त्याची मुदत संपते आणि कंपनीला नव्याने अर्ज करावा लागतो. धरण बांधताना ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनाही त्या वेळी बोलायला जागा मिळते. ओरेगन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांतून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरच्या वीजप्रकल्पाचा ५० वर्षांचा परवाना मार्च २००६ मध्ये संपला. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, प्रकल्पाच्या चार धरणांपैकी एकही नदीला अडवून उभे नव्हते. ऑक्टोबरात चिनूक जातीचे सॅल्मन त्या जागा ओलांडून वर गेले.

धरणे हटवण्याचा हा जगातला आजवरचा सर्वांत मोठा प्रकल्प मानला जातो, त्यामुळे त्याच्या बातम्या सगळीकडे झाल्या. बातम्यांत सुरुंगांचे स्फोट होते आणि मासे होते. मला मात्र या प्रकरणाचा गाभा सुनावण्या, करारनामे आणि खर्चाच्या तक्त्यांमध्ये दिसतो. नदीवर जीव टाकणारी माणसे शंभर वर्षे तिथेच होती आणि धरणेही तिथेच होती. परवान्याची मुदत, माशांसाठी वाट ठेवण्याची कायद्याची अट आणि धरण राखण्याचा खर्च हे तिन्ही मुद्दे एकाच वेळी टेबलावर आले, आणि त्या टेबलाशी नदीकाठच्या जमाती पूर्ण तयारीनिशी बसल्या होत्या. तिथून गोष्ट बदलली.

नदी आणि मासा

क्लॅमथची ठेवण बहुतेक नद्यांपेक्षा वेगळी आहे. तिचा उगमाकडचा भाग सपाट, दलदलीचा आणि ज्वालामुखीच्या मातीचा. तिथले अप्पर क्लॅमथ सरोवर विस्ताराने मोठे पण उथळ आहे. त्याचे पाणी उन्हाळ्यात तापते आणि शेवाळाने हिरवे होते. पुढे नदी डोंगर कापत, अरुंद घळींतून उतरते आणि वाटेत थंड पाण्याचे झरे व उपनद्या घेत पॅसिफिक महासागराला मिळते. लांबी सुमारे २५७ मैल, म्हणजे चारशे किलोमीटरच्या वर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया आणि सॅक्रामेंटोनंतर सर्वांत जास्त सॅल्मन एकेकाळी याच नदीत येत.

सॅल्मन गोड्या पाण्यात, गोट्यांच्या फटींत जन्मतो. पिल्ले नदीतून समुद्रात जातात, तीन-चार वर्षांनी पूर्ण वाढून परततात आणि वासाच्या आधाराने आपली जन्माची नदी शोधून काढतात. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते; पॅसिफिकमधल्या चिनूक आणि कोहो या सॅल्मनच्या जातींचे आयुष्य तिथेच संपते. समुद्रात कमावलेले पोषण त्यांच्या देहांबरोबर थेट डोंगरातल्या ओढ्यांपर्यंत पोहोचते. अस्वले, गरुड, काठावरची झाडे आणि पुढच्या पिढीची पिल्लेसुद्धा त्यावर वाढतात. या सगळ्या चक्राला वर जायची आणि खाली यायची, अशा दोन्ही वाटा मोकळ्या लागतात. भिंत मध्ये आली की तिच्या वरच्या बाजूचे चक्र एकाच पिढीत थांबते.

मुखाजवळ युरोक, त्यांच्या वर करुक, ट्रिनिटी या उपनदीवर हूपा, त्यापुढे शास्ता, आणि अगदी वर सरोवराच्या परिसरात क्लॅमथ, मोडॉक व याहूस्किन लोक. या जमातींचे अन्न, व्यापार आणि विधी सॅल्मनभोवती बांधलेले होते. वरच्या भागातल्या जमातींनी १८६४ मध्ये अमेरिकेशी तह केला, प्रचंड भूमी सोडली आणि बदल्यात मासेमारीचा हक्क लिहून घेतला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत खाली भिंत उभी राहिली. हक्क कागदावर तसाच राहिला आणि मासा यायचा थांबला. त्यांच्या पाच-सहा पिढ्यांनी आपल्या नदीत सॅल्मन पाहिलाच नाही. या प्रकरणातला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी बोलला गेलेला अन्याय मला हाच वाटतो.

चार भिंती

कोपको क्रमांक १ हे १२६ फूट उंचीचे धरण १९१८ मध्ये सुरू झाले. कॅलिफोर्निया-ओरेगन पॉवर कंपनी या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. त्याच्या खाली १९२५ मध्ये कोपको क्रमांक २ आले, वरच्या बाजूला ओरेगनमध्ये १९५८ मध्ये जे. सी. बॉइल, आणि सर्वांत खाली १९६२ मध्ये आयर्न गेट. वीज गरजेप्रमाणे कमी-जास्त केली की कोपकोखालचे पाणी दिवसात अनेकदा चढे-उतरे. ते चढउतार सपाट करण्यासाठी आयर्न गेट बांधले गेले. त्याची उंची १७३ फूट होती आणि माशांना वर जायला त्यात कोणतीही सोय नव्हती. बॉइलला माशांची शिडी, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढण्याची पाण्याची वाट, होती, पण समुद्रातून येणारा मासा तिथपर्यंत पोहोचणारच नव्हता.

चारही धरणांची मिळून वीजक्षमता १६३ मेगावॉट होती. आपल्या कोयनेची १,९६० मेगावॉट आहे, यावरून आकाराचा अंदाज येईल. मालक पॅसिफिकॉर्प कंपनीच्या एकूण वीजनिर्मितीत या धरणांचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. शेतीसाठी या चार जलाशयांतून पाणी दिले जात नव्हते. वरच्या खोऱ्यातली दोन लाख एकरांहून अधिक शेती १९०५ पासून उभारलेल्या सरकारी सिंचन प्रकल्पाच्या पाण्यावर चालते, आणि ते पाणी अप्पर क्लॅमथ सरोवरातून, या धरणांच्या वरूनच, वळवले जाते. पूरनियंत्रणातही त्यांचा वाटा नगण्य होता. क्लॅमथच्या उदाहरणावरून दुसऱ्या कुठल्या धरणाबद्दल मत बनवायचे असेल तर हे आधी लक्षात घ्यावे लागते. ही फक्त विजेची, छोटी, जुनी धरणे होती.

माशांची वाट बंद केल्याची भरपाई म्हणून १९१९ मध्ये फॉल क्रीकवर मत्स्यबीज केंद्र बांधले गेले आणि पुढे आयर्न गेटपाशी दुसरे मोठे केंद्र आले. माशांना पकडायचे, अंडी काढायची, टाक्यांत पिल्ले वाढवायची आणि नदीत सोडायची. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने महाशीर माशाचे असेच बीज गेली अनेक दशके तयार केले आहे आणि ते काम मोलाचे आहे. पण बीज सोडण्याजोगी नदी शिल्लक असेल तोवरच त्या कामाला अर्थ आहे. क्लॅमथवर लाखो पिल्ले दरवर्षी सोडली जात होती आणि तरीही परतणारा मासा घटत होता. कारण नदीच आजारी पडली होती.

आजार कसा जडला

भिंत वाट अडवते हे डोळ्यांना दिसते. भिंतीच्या खालच्या नदीत काय बदलते, ते समजायला शास्त्रज्ञांना आणि जमातींच्या मत्स्य विभागांना कितीतरी वर्षे पाण्याचे आणि माशांचे नमुने तपासावे लागले.

क्लॅमथमध्ये सेराटोनोव्हा शास्ता नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो सॅल्मनच्या आतड्यावर हल्ला करतो. त्याला दोन यजमान लागतात: एक सॅल्मन आणि दुसरा नदीच्या तळाशी चिकटून राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा कृमी. मोकळ्या नदीत हिवाळ्याच्या पुरात गोटे-वाळू हलते, तळ घासला जातो आणि कृमींची वस्ती वाहून जाते. आयर्न गेटच्या खाली असे होत नव्हते. गोटे आणि वाळू वरच्या जलाशयांत अडकली होती आणि पाण्याचा प्रवाह वर्षभर सारखा राखला जात होता. तळ घट्ट आणि शांत राहिला आणि कृमी दाट झाले. त्यातच परतणारे सगळे सॅल्मन भिंतीपाशी येऊन थबकत, तिथेच गर्दीने वीण करत आणि मरत. मेलेल्या माशांतून परजीवीचे बीजाणू नेमके त्या कृमींच्या वस्तीवर पडत. वसंतात नदीतून खाली निघालेली पिल्ले त्या पट्ट्यातून जाताना आजार घेऊनच समुद्राकडे निघत. २०२१ च्या वसंतात युरोक जमातीच्या मत्स्य विभागाला सापळ्यांत मेलेली पिल्ले इतक्या मोठ्या प्रमाणात सापडली की त्यांनी जाहीरपणे धोक्याचा इशारा दिला.

दुसरा आजार उन्हाळ्यातला. कोपको आणि आयर्न गेटच्या साचलेल्या, कोमट पाण्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी नील-हरित शेवाळ फुले. काठावर पाण्याला हात लावू नका असे फलक लागत. करुकांच्या उन्हाळी विधींमध्ये नदीत स्नान असते, तेही याच काळात. शिवाय मोठा जलाशय उशिरा तापतो आणि उशिरा थंड होतो, त्यामुळे शरदात सॅल्मन परतत तेव्हा धरणाखालचे पाणी नैसर्गिक नदीपेक्षा गरम असे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि माशांचे रोग जास्त.

अन्नाचेही तसेच झाले. एकेकाळी रोजच्या जेवणात असलेला मासा करुकांच्या घरांतून जवळजवळ नाहीसा झाला. समाजशास्त्रज्ञ कारी नॉरगार्ड यांनी जमातीबरोबर २००५ च्या सुमारास केलेल्या अभ्यासात सॅल्मनचे नाहीसे होणे आणि जमातीतला वाढता मधुमेह व हृदयरोग यांचा संबंध मांडला. धरणाच्या परवान्याच्या सुनावणीत माणसांच्या तब्येतीचा मुद्दा असा अधिकृतपणे दाखल झाला.

२००१ आणि २००२

२००१ मध्ये वरच्या खोऱ्यात कडक दुष्काळ पडला. संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली सरोवरातल्या दोन जातींच्या सकर माशांसाठी आणि नदीतल्या कोहोसाठी पाणी राखून ठेवावे लागले आणि केंद्राच्या खात्याने बहुतेक शेतीचे पाणी बंद केले. सुमारे १,४०० शेतकरी कुटुंबांवर संकट आले. मे महिन्यात हजारो लोकांनी क्लॅमथ फॉल्स शहरात रांग करून हाताहाताने पाण्याच्या बादल्या कालव्यात ओतल्या. त्यांचा राग समजण्यासारखा होता. त्यांच्या आजोबा-पणजोबांना, त्यात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनाही, याच सरकारने पाण्याच्या आश्वासनावर इथे वसवले होते.

पुढच्या वर्षी राजकीय दबाव आला आणि शेतीला पाणी मिळाले. सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या खालच्या टप्प्यात, युरोकांच्या प्रदेशात, कमी आणि गरम पाण्यात परतणाऱ्या सॅल्मनची दाटी झाली, गिल कुजवणारे रोग पसरले आणि मासे मरू लागले. अधिकृत अंदाजाने किमान ३४,००० मोठे मासे मेले. खरा आकडा याहून बराच जास्त असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. काही दिवस काठावर कुजलेल्या माशांचे थर होते. अंडी घालायला निघालेले हे मासे होते, म्हणजे त्यांच्याबरोबर पुढची पिढीही गेली.

त्या वेळी किशोरवयात किंवा विशीत असलेल्या युरोक आणि करुक मुलामुलींनी ते पाहिले. त्यातले काही पुढे वकील, मत्स्यतज्ज्ञ आणि जमातीचे पदाधिकारी झाले. युरोक जमातीच्या वकील एमी कॉर्डालिस यांनी आपण कायद्याकडे वळण्यामागे हे मत्स्यमरण असल्याचे अनेकदा सांगितले आहे. त्यांच्या घराण्याला न्यायालय नवे नव्हते: घरातल्याच रेमंड मॅट्झ यांची मासेमारीची जाळी कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी जप्त केली होती आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७३ मध्ये मॅट्झ जिंकले.

हिशेब कुठे उलटला

परवाना २००६ मध्ये संपणार हे सर्वांना माहीत होते, म्हणून जमातींनी मालकाला गाठायचे ठरवले. तेव्हा पॅसिफिकॉर्प स्कॉटिश पॉवर कंपनीच्या मालकीची होती. २००४ मध्ये जमातींचे प्रतिनिधी स्कॉटलंडला गेले आणि भागधारकांच्या सभेबाहेर उभे राहिले. स्कॉटिश लोकांना सॅल्मन म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. त्यांनी या पाहुण्यांचे मनापासून स्वागत केले. पुढे कंपनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे समूहाकडे गेली, तेव्हा जमातींचे लोक बर्कशायरच्या वार्षिक सभेसाठी नेब्रास्कातल्या ओमाहालाही गेले.

पण निर्णायक घाव कायद्याने घातला. नव्या परवान्यासाठी केंद्रीय मत्स्य आणि वन्यजीव यंत्रणांनी अट घातली की धरणांना माशांसाठी वर जायची आणि खाली यायची वाट करावी लागेल. अमेरिकेच्या वीज कायद्यानुसार ही अट परवाना देणाऱ्या आयोगालाही टाळता येत नाही. कंपनीने या अटीमागच्या वस्तुस्थितीला आव्हान दिले. २००६ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांसमोर साक्षीपुरावे झाले आणि धरणांच्या वर सॅल्मनला योग्य अधिवास आहे, पूर्वी ते तिथे जात होते, हे मान्य झाले. जमातींच्या तोंडी परंपरेतल्या आणि जुन्या छायाचित्रांतल्या पुराव्यालाही तिथे वजन मिळाले.

मग हिशेब सुरू झाला. शिड्या बांधा, जाळ्या लावा, पाणी सोडा, त्याची गुणवत्ता राखा. एवढे केल्यावर प्रकल्प दरवर्षी तोट्यात चालेल, असे नियामक आयोगाच्याच अभ्यासात २००७ मध्ये दिसले. धरण ठेवण्यापेक्षा काढणे स्वस्त पडू लागले. दोन्ही राज्यांच्या वीजदर ठरवणाऱ्या आयोगांनीही पुढे हेच मान्य केले की ठरावीक मर्यादेत पैसे देऊन धरणे काढणे ग्राहकांच्या हिताचे आहे.

आपल्याकडचा संदर्भ इथे एकदाच, पण गरजेचा आहे. भारतात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा भिंतीच्या मजबुतीची तपासणी सांगतो. एखादे धरण अजून हवे आहे का, त्याने खालच्या लोकांचे आणि जलचरांचे काय केले, हा प्रश्न ठरावीक मुदतीने पुन्हा विचारला जाईल अशी सोय आपल्या व्यवस्थेत नाही. क्लॅमथवर सगळे काही त्या एका प्रश्नाच्या मुदतीने सुरू झाले.

करार मोडतो, पुन्हा बांधला जातो

फेब्रुवारी २०१० मध्ये दोन करार झाले. एकात धरणे काढायची, दुसऱ्यात शेतकरी, जमाती आणि मच्छीमार यांच्यात पाण्याची वाटणी. नऊ वर्षांपूर्वी एकमेकांच्या विरोधात रस्त्यावर असलेली माणसे एका कागदावर सही करत होती. सगळेच आले नाहीत: हूपा व्हॅली जमातीने आपल्या पाणीहक्कांना धक्का लागेल म्हणून सही केली नाही. सिस्कियू परगण्यात, जिथे तीन धरणे होती, त्याच वर्षी झालेल्या सल्लावजा मतदानात जवळपास ८० टक्के मते धरणे काढण्याच्या विरोधात पडली.

हे करार अमलात यायला संसदेचा कायदा लागणार होता. संसदेने तो पाच वर्षांत केला नाही आणि २०१५ च्या अखेरीस पाणीवाटपाचा करार विरला. इतकी वर्षे राबलेल्या माणसांनी तिथे हात टेकले असते तर नवल नव्हते. त्यांनी वाट बदलली. एप्रिल २०१६ मध्ये, नदीच्या मुखाशी, धरणांचा करार दुरुस्त झाला: संसदेची गरजच नको, नेहमीच्या परवाना प्रक्रियेतूनच कंपनीने परवाना परत करायचा. धरणांची मालकी क्लॅमथ रिव्हर रिन्यूअल कॉर्पोरेशन या नव्या ना-नफा संस्थेकडे द्यायची आणि तिने ती उतरवायची. सुमारे ४५ कोटी डॉलरचा खर्च ठरला. त्यातले २० कोटी वीजग्राहकांच्या बिलावरच्या छोट्या अधिभारातून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१४ मध्ये मंजूर केलेल्या पाणी-कर्जरोख्यांतून.

जुलै २०२० मध्ये हेही अडले. कंपनीने परवान्यावरून पूर्णपणे बाजूला होऊ नये असे परवाना देणाऱ्या केंद्रीय आयोगाने म्हटले, आणि पुढे काही बिघडले तर भरपाई देण्याची जबाबदारी घ्यायला कंपनी तयार नव्हती. अखेर नोव्हेंबरमध्ये दोन्ही राज्यांनी स्वतः सह-परवानाधारक व्हायचे कबूल केले. आयोगाची अंतिम मंजुरी १७ नोव्हेंबर २०२२ रोजी आली.

जानेवारी २०२४

सर्वांत छोटे कोपको क्रमांक २ हे २०२३ मध्येच काढले गेले. त्याच्या खालची घळ जवळपास शंभर वर्षे कोरडी होती, कारण सगळे पाणी बोगद्यातून वीजघरात जाई. पात्रातच मोठाली झाडे वाढली होती. ११ जानेवारी २०२४ रोजी आयर्न गेटच्या तळाचा बोगदा उघडला, पाठोपाठ बॉइल आणि कोपको क्रमांक १. धरणांमागे दीड ते दोन कोटी घनयार्ड गाळ साचल्याचा अंदाज होता. बहुतांश बारीक, मेलेल्या शेवाळाचा. नदी काही आठवडे गडद तपकिरी वाहिली, ऑक्सिजन खूप खाली गेला. जलाशयांत सोडलेल्या, मूळच्या नसलेल्या माशांची मोठी मर झाली आणि काही हरणे चिखलात रुतून मेली. हिवाळ्याची वेळ जाणीवपूर्वक निवडली होती, कारण तेव्हा मुख्य पात्रात सॅल्मन सर्वांत कमी असतात. तीन-चार वर्षे थोडे थोडे सोसण्यापेक्षा एका हिवाळ्यात सोसावे, हा त्यामागचा विचार होता आणि मला तो योग्य वाटतो.

एक चूक मात्र टाळता आली असती. फेब्रुवारीअखेर फॉल क्रीकच्या केंद्रातून सुमारे ८,३०,००० चिनूक पिल्ले आयर्न गेटच्या वरच्या बाजूला सोडली गेली. खाली जाताना ती धरणाच्या बोगद्यातून गेली, तिथल्या दाबाच्या फरकाने त्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे झाले आणि बहुतेक मेली. विरोधकांनी लगेच गाळाला दोष दिला. तपासात कारण बोगदा निघाले. त्यानंतरची पिल्ले टँकरने आयर्न गेटच्या खाली नेऊन सोडली.

जलाशय उतरले तसे सुमारे २,२०० एकर जमीन उघडी पडली. तिथे तण माजू नये म्हणून आधीच्या काही वर्षांत, बरेचसे जमातींच्या लोकांच्या हातांनी, आसपासच्या स्थानिक गवतांच्या आणि झुडपांच्या बिया गोळा करून शेतांत वाढवल्या होत्या. अशा अब्जावधी बिया ओल्या गाळावर टाकल्या गेल्या. वसंतात त्या जमिनीवर पिवळी-केशरी फुले आली. कोपकोच्या पाण्याखाली शास्ता लोकांची गावे आणि दफनभूमी होत्या, शंभर वर्षांपूर्वी सक्तीने घेतलेल्या. त्या परिसरातली सुमारे २,८०० एकर जमीन शास्ता इंडियन नेशनला परत देण्याची घोषणा कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी जून २०२४ मध्ये केली.

कोपको तळ्याच्या काठी घरे बांधलेल्या लोकांचे खरे नुकसान झाले हेही इथे लिहिले पाहिजे. घरासमोरचे पाणी गेले, विहिरींची चिंता लागली, मालमत्तेच्या किमती उतरल्या. विहिरींसाठी मदतीची तरतूद होती. तळ्याकाठच्या आयुष्याची भरपाई कोणालाही करता आली नाही.

मासे आणि पुढचा प्रश्न

२८ ऑगस्ट २०२४ रोजी शेवटचे तात्पुरते बंधारे फोडले गेले आणि नदी आपल्या जुन्या पात्रात आली. आयर्न गेटच्या जागी ध्वनिलहरींनी मासे टिपणारे सोनार यंत्र बसवले होते; ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात त्यावर मोठे मासे वर जाताना दिसू लागले आणि शरद संपेपर्यंत ही संख्या हजारोंत गेली. १६ ऑक्टोबरला ओरेगनच्या मत्स्यखात्याच्या लोकांना बॉइलच्या वरच्या बाजूला, समुद्रापासून सुमारे २३० मैलांवर असलेल्या स्पेन्सर क्रीकमध्ये चिनूक दिसला. ओरेगनच्या क्लॅमथ खोऱ्यात समुद्रातून आलेला मासा १९१२ नंतर प्रथमच पोहोचला होता. त्याला कोणी उचलून नेले नव्हते, वाट दाखवली नव्हती. मत्स्यतज्ज्ञांनी याला काही वर्षे लागतील असे धरले होते.

२०२५ च्या शरदात ते आणखी वर गेले: कीनो आणि लिंक रिव्हर या नदीच्या वरच्या टप्प्यातल्या, न काढलेल्या दोन धरणांच्या शिड्या चढून अप्पर क्लॅमथ सरोवरात आणि पुढे विल्यमसन नदीत, म्हणजे १८६४ च्या तहातल्या प्रदेशात. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जमातींची मुलेमुली सरोवराच्याही वरच्या उगमाकडून मुखापर्यंत सुमारे ३१० मैल कयाकमधून आली. त्यांना हे कसब शिकवायला धरणे पडण्याच्या आधीच सुरुवात झाली होती.

कीनोची शिडी जुनी आहे. सरोवराच्या आसपासच्या अनेक पाटांना जाळ्या नाहीत, त्यामुळे खाली येणारी पिल्ले शेतात जाऊ शकतात. सरोवर उन्हाळ्यात अजूनही हिरवे होते, त्यातले सकर मासे अजूनही संकटात आहेत आणि दुष्काळात कोणाला किती पाणी हा २००१ चा वाद जागच्या जागी आहे. त्याला उत्तर देणारा करार २०१५ मध्ये विरला तो विरलाच. सरोवराच्या उत्तरेला सुमारे १४,००० एकर जुन्या दलदलीचे बांध फोडून ती पुन्हा पाण्याला जोडली गेली, हे या बाजूचे आजवरचे सर्वांत मोठे काम. वसंतात येणारा चिनूक, जो एकेकाळी इथला मुख्य मासा होता, तो आपणहून परतण्याइतका उरलेला नाही. क्लॅमथ जमाती आणि ओरेगन राज्य तो वरच्या नद्यांत नव्याने रुजवत आहेत. फॉल क्रीकचे मत्स्यबीज केंद्रही धरणे गेल्यावर आठ वर्षे चालवायचे ठरले आहे.

२०२४ च्या शरदात धरणांच्या वरच्या ओढ्यांत घातल्या गेलेल्या अंड्यांतून निघालेले मासे आता समुद्रात आहेत. त्यांची पहिली मोठी परतफेरी २०२७ आणि २०२८ च्या शरदात होईल, आणि ते किती आले, ओढ्यांच्या कुठल्या टोकापर्यंत गेले, हे मोजायला जमातींचे आणि दोन्ही राज्यांचे मत्स्य विभाग सोनार आणि सापळे लावून बसलेले आहेत.